डाव्या टाकीतली चिलापी

गोराईला आमच्या घरामागे ताडपत्रीच्या दोन गोल टाक्या आहेत, त्यात चिलापी मासे. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मीच सांभाळते. बाबा म्हणाले, दोन रविवारांत मासे सुधारले नाहीत तर टाक्या काढणार, तिथे जाळी वाळत घालणार.

माशांचं पोट बिघडलं होतं. त्यांची शी पांढऱ्या दोऱ्यासारखी पाण्यावर तरंगायची. मग मी चिकोरीच्या मुळाची भुकटी आणली. दुकानदार त्याला प्रीबायोटिक फायबर म्हणतो. ते माशाला पचत नाही, त्याच्या पोटातले चांगले जंतू ते खातात. माशांच्या खाद्याच्या किलोभर दाण्याला पाच ग्रॅम, वर थोडं तेल चोळायचं, म्हणजे पाण्यात सुटत नाही. फक्त डाव्या टाकीत टाकली. उजवी तशीच ठेवली, फरक कळायला नको?

दहा दिवसांत डावीच जास्त बिघडली!

"काय भुकटीवाली बाई," बाबा हसले. "तुझ्या आजोबांनी कधी माशाला औषध चारलं नाही."

"त्यांचे मासे समुद्रात होते. माझे ताडपत्रीत आहेत!"

सटकली माझी. बादलीला लाथच घातली. उचलायला वाकले तर टाकीच्या काठाला कोलंबीची मिशी चिकटलेली. माझ्या दाण्यात कोलंबी कुठून आली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीमागे लपून बसले. सुगंधाआत्या बाजारातून आली, पाटी उतरवली आणि कोलंबीची डोकी मूठमूठभर डाव्या टाकीत.

"आत्या! काय करतेस?"

"वरडतेस काय गो? त्यांना तू भुकटी चारतेस. बिचाऱ्यांच्या तोंडाला चव नको?"

"उन्हात राहिलेली डोकी? मारलेस ना माझे मासे!"

"मला मासा शिकवतेस? तीस वर्षं विकतेय मी."

"मेलेला विकतेस. जिवंत कधी पोसलास?"

वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ती पाटी उचलून आत गेली. रात्री जेवताना तीच बाबांना म्हणाली, "चंदू, चूक माझी हाय. पोरीला अजून दोन रविवार दे."

दुसऱ्या रविवारी आत्या कोयता घेऊन अंगणात बसली. दोन्ही टाक्यांतला एकेक मासा मागितला. बाबा कमरेवर हात ठेवून उभे. मी बिनधास्त होते. चार दिवस डावीत एक दोरा दिसला नव्हता.

आधी उजवीतला चिरला. आतडं फुगलेलं, आत नुसतं पिवळं पाणी. मग डावीतला. आत्यानं कल्ला उघडून पाहिला, वास घेतला, आतडं अंगठ्यानं दाबलं. घट्ट, गडद, चिकटपणा नाही. तिनं पुन्हा दाबून बघितलं.

"चंदू, टाकीतली चिलापी असली तरी हा मासा मी माझ्या पाटीत ठेवीन."

"आणि जाळी?"

"गच्चीवर घाल की. पाय मोडलेत काय?"

बाबा पुटपुटत जाळी उचलायला गेले. आत्या हात धुऊन माझ्याकडे वळली.

"आता उजवीला पण चालू कर. किती टाकायची?"

"पाच ग्रॅम. आणि मी मोजणार, तू नाही."