पेडलला चिकटलेले बूट

लाँड्रीवाल्या बाईंचं माणसांबद्दलचं मत कपड्यांवरून ठरायचं, आणि ते सहसा वाईटच ठरायचं. कॉलर आतून पाहिली की माणूस कळतो, असं त्या म्हणायच्या. नवऱ्यासाठी मात्र कॉलर पाहायचीही गरज नव्हती. चष्म्याच्या दुकानात जन्मभर लोकांची भिंगं घासणारा हा गृहस्थ स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा.

आणि आता हा गृहस्थ सायकलवरून लेकीच्या गावाला निघाला होता!

गाव चांगलं लांब. वाटेत एक मोठा चढ, मध्ये एक मुक्काम. तिथे बस जाते, शिवाय दारात गाडी उभी होती. पण त्या दोन्ही वाटा बाईंनीच बंद करून ठेवल्या होत्या. लेक आईच्या हाताखाली इस्त्री शिकली, डाग काढायला शिकली, आणि गल्ल्यावर बसायची वेळ आली तेव्हा त्या गावाला जाऊन तिने स्वतःचं दुकान थाटलं. तेही कसलं? ओळीने यंत्रं मांडलेली. गिऱ्हाइकाने यायचं, आपले कपडे आपणच धुवायचे आणि वर हिला पैसे द्यायचे.

"याला लाँड्री म्हणतात? ही तर सार्वजनिक मोरी झाली!" बाई म्हणाल्या.

लेकही त्यांचीच. तिने ऐकून घेतलं नाही. ती बॅग उचलून निघाली तेव्हा बाई दारात उभ्या राहिल्या आणि समोरच्या शिंपीणबाईला दुकानात बसून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या घरातल्या पेट्रोलचा एक थेंब त्या रस्त्यावर जळणार नाही! आणि या घरातलं कुणी त्या गावचं तिकीट काढणार नाही!"

बोलून गेल्या खऱ्या. पण शब्द परत घ्यायचा म्हणजे शिंपिणीसमोर नाक कापून घ्यायचं, आणि ते बाईंच्या हयातीत होणं नव्हतं. लेकीची खोली त्या रोज झाडायच्या, तिचं नाव मात्र काढायच्या नाहीत. असे बरेच महिने गेले. मग एक दिवस नवरा सायकल घेऊन आला.

"हिला पेट्रोल लागत नाही," तो म्हणाला. "तिकीटही नाही."

"वकिली करताय माझ्याशी?"

"नाही गं. तुझा शब्द पाळतोय."

इथून तयारी सुरू झाली. बाईंनी आयुष्यात पुष्कळ फुकटचे उद्योग पाहिले होते, पण हा त्या सगळ्यांच्या वरचा. लेकीच्या खोलीत लोखंडी स्टँड आला, त्यावर सायकल घट्ट बसवली आणि गृहस्थ रोज त्यावर बसून घामाघूम होऊ लागला. चाक गरगर फिरायचं, सायकल जागची हलायची नाही. "कुठवर पोचलात? कपाटाच्या पुढे गेलात की नाही?" बाई दारातून विचारायच्या. मग बुडाला जाड गादी शिवलेली अर्धी चड्डी आली. ती धुवायला पडली तेव्हा बाईंनी ती चिमटीत उचलली. "ही चड्डी आहे की उशी? हिला अभ्रा घालायचा का?"

सगळ्यात कडी म्हणजे बूट. त्यांच्या तळव्याला खटका होता. पाऊल पेडलवर दाबलं की खट् करून अडकायचं, टाच बाहेर फिरवली की सुटायचं. ते सुटणं गृहस्थाला काही केल्या जमेना. मग त्याने त्यावर स्वतःच्या अकलेने तोडगा काढला. भिंतीला हात टेकायचा, बुटांचे पट्टे सोडायचे आणि नुसते पाय बाहेर काढून घ्यायचे. बूट आपले पेडललाच. कुणी खोलीत डोकावलं तर त्याला वाटावं, एखादा माणूस सायकलवर बसल्या बसल्या विरघळून गेला.

"ते बूट तिथून निघत नाहीत का?"

"काढायचे कशाला? उद्या तिथेच लागणार ना."

बाईंनी कपाळावर हात मारला. हा माणूस कोपऱ्यापलीकडे जाणार नाही, याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीनेच त्या जास्त चिडायच्या. हा गेला नाही, तर त्या घरातून लेकीकडे कुणीच जाणार नव्हतं. लेक येणार नव्हती आणि आईला जाता येणार नव्हतं. सगळी मदार असल्या माणसावर!

निघायची सकाळ उजाडली. गृहस्थ ती उशी नेसून, वर भडक पिवळा अंगाबरोबरचा सदरा चढवून दुकानासमोर आला. समोर शिंपीणबाई कात्री हातात घेऊन दारातच उभी. बाई आत इस्त्री केलेल्या शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवत होत्या.

"तिला काही सांगू का?" त्याने विचारलं.

बाईंनी मान वर केली. समोर शिंपीण कान टवकारून उभी होती.

"मला कुणाला काही सांगायचं नाही. तुम्ही कोपऱ्यापर्यंत पोचा आधी."

त्याने भिंत धरली, बुटांत पाय घातले, पट्टे ओढले आणि निघाला. वाकडातिकडा गेला, पण गेला. पडला नाही. कोपऱ्यावरून दिसेनासाही झाला. बाई इस्त्री उभी करून बाहेर आल्या. पायरीवर त्याची पाण्याची बाटली तशीच होती.

"अगं बाई! बावळट तो बावळटच!"

तेवढ्यात तो कोपऱ्यावरून परत येताना दिसला. "बाटली राहिली!" तो लांबून ओरडला. बाई बाटली घेऊन पुढे झाल्या. तो जवळ आला आणि त्यांच्या समोरून सरळ पुढे निघून गेला.

"अहो, थांबा!"

"थांबता येत नाही! पाय निघत नाहीत! थांबलो तर पडेन!"

पुढच्या चौकाला वळसा घालून तो पुन्हा आला. आता बाई पळाल्या. घरातली चप्पल, कमरेला खोचलेला पदर, हातात बाटली, आणि शेजारून डुलत जाणारी सायकल. अख्खी गल्ली बघत होती. बाटली त्यांनी त्याच्या पाठीवरच्या खिशात कोंबली.

"तिला खरंच काही सांगू नको?" तो समोर बघतच म्हणाला. मान वळवली असती तर आडवा झाला असता.

बाईंना धाप लागली होती. सायकल पुढे सरकत होती. हळू आवाजात सांगायची वेळ त्यांनी कधीच घालवली होती. आता जे काही सांगायचं ते ओरडूनच सांगायला हवं होतं.

"सांगा तिला!" बाई भर रस्त्यात ओरडल्या. "आई येतेय म्हणावं!"

"कशी?"

"तिकीट काढून! तिच्या दारात तुम्हाला धरून उतरवायला कुणीतरी नको का? वाटेत भिंत बघून थांबा!"

त्याने आनंदाने हात वर केला, सायकल लटपटली.

"हात खाली ठेवा, मूर्खासारखं काय करताय!"

तो कोपऱ्यावरून गेला. बाई डोळे पुसत मागे वळल्या. शिंपीणबाई अजून दारातच होती, कात्री हातात तशीच.

"बघतेस काय?" बाई तिच्यावर खेकसल्या. "तिकडची बस कितीला सुटते ते सांग."