तिखटाचा अंगठा

नवरा-बायको दोघंही छापखान्यात बाइंडिंगला होते. छापखान्याला टाळं लागलं, आणि त्याच वर्षी विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या करणारा कारखाना उभा राहिला. दोघांनी अर्ज केले. पातळ पत्रे एकेक सुटे करून रचायचे, एवढंच काम. तिला हसूच आलं. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

पण निवडीच्या परीक्षेला बसल्यावर नवऱ्यानं सवयीनं मास्क खाली ओढला, अंगठा जिभेला लावला आणि मगच पत्रा उचलला. अंगठा ओला केल्याशिवाय बाइंडरचा कागद सुटतोय कुठला!

"काका, बॅटरीला ओलावा चालत नाही हो," परीक्षा घेणारी बाई म्हणाली. "पुढच्या भरतीला या."

"पुन्हा तिथं तोंड दाखवायला जाणार नाही," त्यानं घरी येऊन जाहीर केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. खोड तिलाही तीच. तिनं अंगठ्याला तिखट फासलं आणि रद्दीचे कागद सुटे करायला बसली. थोड्याच वेळात जिभेची आग आग झाली.

"बॅटरी राहिली बाजूला, आधी तुझंच शॉर्टसर्किट व्हायचं!" तो पडल्यापडल्या हसला.

तिनं उत्तर दिलं नाही, कारण जीभ बाहेर होती. राग मात्र आला. स्वतः हातपाय गाळून बसायचं आणि वर दुसऱ्याला हसायचं!

परीक्षेत तिचाही अंगठा मास्कपर्यंत गेला. तिथं जिभेला सगळं आठवलं आणि तो मुकाट खाली आला. तिची निवड झाली.

घराकडे येताना मात्र ती रेंगाळली. पेढ्यासारखी गोड बातमी, पण ती त्याला सांगायची कोणत्या तोंडानं? आपण आत आणि तो बाहेर, हे तिला सोसवत नव्हतं.

दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात रद्दीसमोर बसला होता. डोळ्यांतून धारा, नाक लाल.

"अहो, काय झालं?"

"चुकून डोळा चोळला." त्यानं लालभडक अंगठा दाखवला. "तुझं झालं ना?"

तिनं मान हलवली.

"वाटलंच. पुढची भरती कधी आहे म्हणाली ती बाई?"

तिनं आधी त्याचे डोळे धुतले. मग तिखटाचा डबा पुन्हा त्याच्यासमोर सरकवला.