शेवटच्या टोकाची टोपी

मित्रांनो, समजा तुम्ही विमानात अगदी पुढे, वैमानिकाशेजारी बसला आहात. बाहेर ढगच ढग. विमानाचा पंखसुद्धा दिसत नाही. उंची किती, वेग किती, हे वैमानिकाला कसं कळतं? यंत्रं मोजतात, पण त्यांचे आकडे पडद्यापर्यंत मी नेते. मी विमानातली एक जुनी तार आहे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तांब्याच्या तारा आणि वरून जाळीचं कवच, एवढाच माझा देह. मला डेटा बस म्हणतात.

माझ्यावर बोलायची शिस्त कडक. एक नियंत्रक यंत्र एकेकाला विचारतं आणि ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं. उत्तर आलं नाही, तर नियंत्रक पुन्हा विचारतो. विचारल्याशिवाय कुणालाही नादुरुस्त ठरवत नाही. सव्वीस वर्षं मी हेच पाहिलं.

माझ्या दोन्ही टोकांना धातूची एकेक टोपी असते. तिच्यातला छोटा रोधक, म्हणजे रेझिस्टर, टोकाशी पोचलेला संदेश जिरवतो. टोपी नसली, की संदेश उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून गोंधळ करतो.

विमान सेवेतून गेलं. वायुदलातून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांनी शिकवण्यासाठी मला रीतसर मागून आणलं आणि बोरगाव मेघेतल्या विहाराच्या अभ्यासिकेत, दोन-तीन यंत्रं आणि एक पडदा जोडून, फळीवर बसवलं. सातवीतली खुशी पवनारहून बसने यायची. तिला माझी एकेक जोडणी पाठ झाली. रविवारी वस्तीतल्या लोकांसमोर तीच मला चालवून दाखवणार होती.

शनिवारी झाडलोट करताना अभ्यासिकेची देखभाल करणाऱ्या भूपेंद्रने माझ्या एका टोकाची टोपी काढून खणात टाकली. रविवारी लोक जमले, खुशीने कळ दाबली आणि पडद्यावरचे आकडे सैरभैर झाले.

"पोरीनं काईतरी उपटलं," भूपेंद्र म्हणाला. "दिवसभर तिथंच खुडबुड करून राह्यते."

पुंडलिकराव लोकांसमोर ओशाळले. "तुले कितीदा सांगितलं, सांभाळून हात लावजो! हो बाजूले. दुसऱ्या कोणाले येऊ दे."

मित्रांनो, माझा संताप संताप झाला! या माणसाने उभी नोकरी जवानांना शिकवलं, की बिघाड झाला तर आधी तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. आज त्याने माझं टोक पाहिलं नाही; पोरीचे हात पाहिले. गप्प बसलेल्या यंत्रालासुद्धा आम्ही पुन्हा विचारतो. या लेकराला कुणी एकदाही विचारलं नाही. मला पुसा, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. माझ्या तांब्याची काळजी नंतर करा. आधी माणसाला विचारायला शिका!

खुशी रडली नाही. तिने माझ्या एका टोकावर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. तिथे ती थांबली.

"आजोबा, इथली टोपी काऊन नाई?" तिने पुंडलिकरावांना विचारलं.

भूपेंद्रचं तोंड उतरलं. "त्याले तं काईच जोडलं नव्हतं. मले वाटलं, फालतू हाय. खणात हाय ते."

टोपी बसवली. आकडे जागेवर आले. पुंडलिकराव हसत म्हणाले, "वा रे वा! चाल बेटा, कर सुरू."

खुशीने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"पहिले सगळ्यायले सांगा, आजोबा, का मी बिघडवलं नव्हतं," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.