घोडीपासून सहा इंच

डॉक्टर म्हणाले, हिच्या कोपरातली नस दबली आहे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर राहतील. वर्षभरात येतील ताळ्यावर, कदाचित येणारही नाहीत.

"अंदाजे किती टक्के?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "दूध संपलंय." आम्ही दूध घेतलं आणि घरी आलो. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

ही म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. चार जाड तारांची, खालच्या आवाजाची ही गिटार. लोकांना ती वेगळी ऐकू येत नाही, पण पाय तिच्याच तालावर हलतात, असं म्हणतात. मी स्वतः खात्री केलेली नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू आणि टेप तपासायचे, खोटे निघाले की जप्त करायचे. रविवारी दुपारी गॅरेजवरच्या खोलीत बँडची तालीम असे, तेव्हा मी मागच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसायचो. एकदा हिने विचारलं होतं, "ऐकू आलं का माझं?"

"आलं की."

"काय ऐकू आलं?"

"सगळं."

त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही ते प्रशस्तिपत्रक समजलो.

बोटं गेल्यावर तीन महिने तिचं काम कीबोर्डवाल्या पोराने डाव्या हाताने भागवलं. मग एके दिवशी बँडमास्तर घरी आले. सॅक्सोफोन वाजवणारा अत्यंत सभ्य माणूस. दोन बिस्किटं खाल्ली, तिसऱ्याला नको म्हणाले, आणि मग म्हणाले, "वहिनी, महिनाअखेरपर्यंत बघू या. जमलं तर तुमची जागा तुमचीच. नाहीतर कीबोर्डच्या डाव्या हातावरच चालू ठेवू."

"बरं," ही म्हणाली.

त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणायची. गॅस संपला, बरं. तुझी जागा जाणार, बरं. दोन्ही 'बरं' टेप लावून मोजले असते तर एकाच लांबीचे निघाले असते. माझंही फार वेगळं नव्हतं. उठायचो, दात घासायचो. एकदा दोनदा घासले आणि दुसऱ्यांदा तोंड धुताना लक्षात आलं. वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीही काही तक्रार नव्हती.

तोड काढली ती माझ्या मेहुण्याने. हिचा धाकटा भाऊ त्याच बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्याच्या आकारामुळे त्याला सगळे ढोल्या म्हणतात, आणि तोही ओ देतो.

"भावोजी, ताईची गिटार म्हणजे जिन्याचा कठडा आहे," ढोल्या म्हणाला. "चांगल्या हातालाही आवळायची नाही. एक लहान करून घ्या. नेक बारीक, तारा आखूड. दोन बोटांत काम होईल."

नेक म्हणजे गिटारची मान, जिच्यावर डावा हात फिरतो.

"कुठे करतात?"

"मिस्त्रीकडे. पण ताईला घेऊन जा."

मी ताईला घेऊन गेलो नाही. तिला विचारलं असतं तर ती बरं म्हणाली असती, आणि आणखी एक 'बरं' ऐकायची माझी तयारी नव्हती. ती दुपारी पडली असताना मी नोकरीतला जुना स्टीलचा टेप काढला आणि तिच्या हाताचं माप घेऊ लागलो. टेप गार असतो. डोळे न उघडता ती म्हणाली, "शवपेटी करताय का?"

"नाही. गिटार."

"बरं." आणि कुशीवर वळली.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर न्हाव्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारख्या बिनतारांच्या गिटारी ओळीने टांगलेल्या. मिस्त्री बारीक, अबोल, आणि केसांत एवढा भुसा की वयाचा पत्ता लागू नये. मी हिची जुनी गिटार बाकावर ठेवली आणि कागद काढला. नेकची रुंदी वरच्या टोकाला पावणेदोन इंच, ती दीड करायची. तारेची लांबी चौतीस, ती तीस करायची. मिस्त्री मान डोलवत होता. शेवटची ओळ आली आणि मान थांबली.

शेवटची ओळ पिकअपची होती. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकांची पेटी, जी तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवते. तार खालच्या बाजूला ज्या पट्टीवर टेकते तिला घोडी म्हणतात. हिच्या गिटारचा पिकअप घोडीपासून बरोब्बर सहा इंचांवर होता. मी लिहिलं होतं: सहा इंच, कायम.

"साहेब, हे पण आत घ्यावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"का? आवाज तोच हवा आहे. आवाज तोच, तर जागा तीच."

"तार लहान झाली ना. त्या मानाने घ्यायचं."

"म्हणजे किती?"

"ठेवून बघायचं. कानाला बरोबर वाटलं की थांबायचं."

"कानाला!" मी म्हणालो. अंदाज या प्रकाराला मी तीस वर्षं गुन्हा म्हणून नोंदवत आलो होतो. "मिस्त्री, माप म्हणजे माप. सहा." आणि कागदावर तारखेसह सही केली. शिक्का असता तर तोही मारला असता. मिस्त्रीने कागद खिळ्याला अडकवला आणि रंधा हातात घेतला.

तीन आठवड्यांनी गिटार झाली. मी स्वतः टेप लावून तपासली. सहा इंच. केसाचाही फरक नव्हता.

रविवारी तालमीला हिने ती गळ्यात घातली. नेकवर हात मिटला. अंगठा मागे, दोन बोटं तारांवर, आणि बधिर दोन बाजूला, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी, कुणाला काही न विचारता बसलेली. हिने वाजवायला सुरुवात केली. बोटं चालत होती. ढोल्याने काठ्या उचलल्या. दोन मिनिटांत त्याने त्या खाली ठेवल्या.

"ताई, तू वाजवतेयस ना?"

"मग काय करतेय?"

"नाही, वाजवतेयस, पण येत नाहीयेस. तुझा ठोका कुठे सुरू होतो तेच कळत नाही. नुसतं गरगट येतंय."

मी पेपर खाली घेतला. मलाही ऐकू येत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत एक वेगळा आवाज कळला, आणि तो हिचा नव्हता. जाड, ओला, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. स्पीकरची सगळी बटणं फिरवून झाली. बँडमास्तरांनी चष्मा पुसला.

"बोटं छान चालतायत, वहिनी. पुढच्या रविवारी परत बघू. महिनाअखेरही तेव्हाच आहे."

कीबोर्डवाल्याने डावा हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवला. त्याची काही चूक नव्हती.

घरी आल्यावर ही म्हणाली, "कपाटावर ठेवा."

"काय?"

"गिटार. हातात जोर राहिला नाही. ठोका निसटतो." मीठ मागावं अशा आवाजात म्हणाली. मग भांडी घासायला गेली. उजव्या हाताने घासत होती, डावा हात ओट्याच्या कडेवर ठेवला होता, विसरलेल्या फडक्यासारखा.

मी गिटार कपाटावर ठेवली नाही. सोमवारी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने काही विचारलं नाही. हिची जुनी गिटार आणि नवी, दोन्ही बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या, घोड्या एका रेषेत. मग पेन्सिलीने जुन्या गिटारच्या तारेखाली मध्यावर खूण केली. "अर्धी तार. सतरा इंच." नवीवर केली. "अर्धी तार. पंधरा. सरकली ना आत?" मग पाव तारेची खूण. तीही आत. "तार लहान झाली की तिची प्रत्येक जागा आत येते. जी जागा टणक बोलते ती पण. तुमचे सहा इंच तेवढे जागचे हलले नाहीत. त्यामुळे पिकअप आता तारेच्या पोटाखाली आलाय. पोटातून गोल आवाज येतो, टोक येत नाही."

मी बघत राहिलो. मग पेन्सिल मागितली. सहा गुणिले तीस, भागिले चौतीस. पाच पूर्णांक एकोणतीस शतांश. इतकं सोपं गणित. तिथे अंदाज नव्हताच. होतं ते प्रमाण, आणि मी ते अंदाज म्हणून जप्त केलं होतं.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो. तुम्ही सही केलीत."

कागद अजून खिळ्यालाच होता. सही माझीच होती, वळणदार.

"आता?"

"घोडीकडे खाच वाढवू, पिकअप आत सरकवू. वर पाऊण इंचाची फट राहील, तिथे लाकडाची चीप भरू. या रंगाचं लाकूड नाही माझ्याकडे. गडद आहे."

"दिसेल."

"दिसणारच," मिस्त्री म्हणाला, आणि मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

घरी जाऊन मी हिला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती.

"हात नाही गेला. चूक माझी होती. पिकअप चुकीच्या जागी बसवायला लावला. मिस्त्री सांगत होता, मी ऐकलं नाही."

तिने घडी पूर्ण केली. "कितीने चुकला?"

"पाऊण इंचाला थोडं कमी."

"थोडं म्हणजे?"

"शून्य पूर्णांक एकाहत्तर शतांश."

"हं. नीट सांगत जा." दुसरा शर्ट घेतला. बाही दुमडली. "मी काल रात्रभर बोटं मोजत होते. प्रत्येकाला विचारत होते, तू आहेस का." पुन्हा तोच मीठ मागण्याचा आवाज. मग म्हणाली, "आणि तुम्ही टेप लावला होतात."

"दोनदा," मी म्हणालो.

तिने शर्ट ढिगावर ठेवला. 'बरं' मात्र म्हणाली नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

पुढच्या रविवारी गॅरेजवरच्या खोलीत मी पेपर नेला नाही. नवी गिटार हिच्या गळ्यात, पोटावर गडद लाकडाची चीप, ठिगळ लावल्यासारखी उठून दिसणारी. हिने उजव्या हाताचा अंगठा टेकायला जागा शोधली आणि तो सरळ त्या चिपेवर जाऊन बसला. तिने खाली पाहिलं नाही.

पहिला ठोका पडला. ढोल्याचा पाय त्याच क्षणी खाली आला. त्याने मान वर केली नाही, काठ्याही ठेवल्या नाहीत, नुसतं ओरडला, "आली!"

दोन बोटं चालत होती आणि दोन झोपली होती. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं. तो आता फरशीवर बारीक कटकट करत होता, हिच्या प्रत्येक ठोक्याला एकदा. मला काय वाटलं ते विचारू नका. मी ती कटकट मोजत बसलो.

गाणं मध्येच थांबवून बँडमास्तरांनी कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. "तू डावा हात खिशात घाल," ते म्हणाले आणि सॅक्सोफोन पुन्हा तोंडाला लावला.

जिना उतरताना मी गिटारची पेटी घ्यायला हात पुढे केला. हिने दिली नाही.

"ऐकू आलं का माझं?" तिने विचारलं.

"आलं."

"काय ऐकू आलं?"

मी जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलो. नीट सांगायचं होतं, आणि माप जवळ नव्हतं.

"तू कुठे सुरू होतेस ते," मी म्हणालो.

ती पुढे उतरत राहिली. "दूध घ्यायचंय," म्हणाली.