हवा फुकट, खबर द्या

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, सायकलच्या चाकात हवा भरायचा. लोखंडी नळकांडं, लाकडी मूठ, रबरी नळी आणि पोटात चामड्याचा एक वॉशर, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट चौकातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आलो. दुकान एका बाईंचं. लहानथोर सगळे त्यांना काकू म्हणत.

काकूंनी मला दारातच उभं केलं. हवेचे पैसे त्या घेत नसत. "हवा फुकट, पण कुठून आलात आणि रस्ता कसा आहे, तेवढं सांगून जा," असा त्यांचा नियम होता. एक जण वाकून मला दाबायचा, बाकीचे नंबर लावून थांबायचे आणि तेवढ्यात बोलणं व्हायचं. पोस्टमन सांगायचा, "पाण्याच्या टाकीकडून जाऊ नका, काचा पडल्यात." पाववाला म्हणायचा, "गिरणीचा चढ कशाला चढता? मागच्या गल्लीनं या, दम लागत नाही."

काकू हातातला पाना न थांबवता विचारायच्या, "पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग तसं सांगा."

लोक माझं कौतुक करायचे. नवीन माणूस आला की जुने त्याला म्हणायचे, "पंपापाशी थांब, सगळं कळेल." मला अगदी भरून यायचं. माझं कामच ते, म्हणा.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. चौकातल्या शिंपीदादांनी सायकलवाल्यांचा एक ग्रुप काढला. घरबसल्या रस्ते कळू लागले. सोय झाली, हे मीही मान्य करतो. पण दुकानाशी थांबणं कमी झालं. मी जुन्या टायरांच्या मागे गेलो. वॉशर सुकला. मूठ दाबली तरी नुसताच फुसफुसायचो.

एके दिवशी ग्रुपवर निरोप आला, 'पाइपांच्या कामासाठी बंद असलेला नदीकाठचा रस्ता सुरू झाला.' तो शिंपीदादांनी टाकला होता. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या नर्सताईंनी तो वाचला. नदीपलीकडे एक आजोबा जेवायचे थांबले होते. मधुमेहाच्या इंजेक्शनाशिवाय त्यांना घास घेता येत नसे. ताई जवळच्या त्या रस्त्यानं निघाल्या. वळणावर पाइपासाठी चर खणलेला होता. ताई सायकलसकट आत गेल्या आणि उजवा हात मोडला.

डाव्या हातानं त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'पडलेय. नदीकाठ, वळण. आजोबा उपाशी आहेत.' पोस्टमन आणि पाववाला धावत पोचले. ताईंची दवाखान्यातली मैत्रीण लांबच्या पुलावरून आजोबांकडे गेली. फोननं पाडलं, तसं फोननंच उचललंही.

हे मला संध्याकाळी कळलं, कारण त्या दिवशी सगळे दुकानात जमले होते.

शिंपीदादा खाली मान घालून म्हणाले, "मेव्हण्यानं पाठवलं, मी पुढे ढकललं. माझ्या मनात वाईट नव्हतं, काकू."

"मनाचं कोण विचारतंय? मेव्हण्याला कुणी सांगितलं?"

"त्याच्या साहेबांनी."

"साहेब सायकल चालवतात?"

"नाही. गाडीतून फिरतात. तेही त्या रस्त्यानं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. शिंपीदादा उठले. आपल्या दुकानातून लाल कापडाचा तुकडा फाडून आणला, काकूंकडून बांबू मागून घेतला आणि अंधार पडायच्या आत त्या चरापाशी निशाण रोवून आले. तेव्हापासून ग्रुपवर कुणी रस्त्याचं लिहिलं, की स्वतः पाहिलं का आणि कधी पाहिलं, तेही लिहायचं असं ठरलं. शंका आली तर जवळ राहणाऱ्यानं चक्कर मारून यायची. लोक पुन्हा दुकानाशी थांबू लागले. काकूंनी माझा वॉशर बदलला, तेल घातलं आणि मला दारात आणलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. अधूनमधून दोन थेंब तेल घाला, वापरून झालं की नळी नीट गुंडाळा. आणि रस्ता दुसऱ्याला सांगाल तेव्हा तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असू द्या. तुमच्या शब्दावर कुणीतरी चाक घालणार असतं.

प्लास्टर निघाल्यावर नर्सताई सायकल ढकलत आल्या. उभी राहून राहून तिची दोन्ही चाकं बसली होती. शिंपीदादांनी त्यांना वाकू दिलं नाही. स्वतःच मला दाबत राहिले.

"नदीकाठ?" ताईंनी विचारलं.

"चर बुजवलाय. सकाळी मीच जाऊन आलो. पण वळणावर खडीचा ढीग आहे, तिथे उतरा."

ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग सायकलवर बसल्या आणि नदीकडे वळल्या. शिंपीदादा आपल्या दुकानात परत गेले नाहीत. माझ्या मुठीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळानं काकूंचा फोन वाजला. त्यांनी हात पुसले आणि ग्रुपवरचा ताईंचा निरोप मोठ्यानं वाचला, "आत्ताच पाहिलं. खडी उचलली आहे. उतरायची गरज नाही."