दहातले दोन क्षण

"साहेब, दहातले दोनच क्षण मागतेय. तेही सहा वाजेपर्यंत," इस्पितळाच्या व्हरांड्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली गप्पबाई मोबाइल कंपनीतल्या आपल्या साहेबांना फोनवर म्हणाली.

"दोन-दोन म्हणता म्हणता तुम्ही माझा टॉवर मुका कराल. पाच वाजलेत बाई, सगळं गाव मोबाइलला चिकटलंय."

"गाव जरा हळू चालेल. बंद नाही पडायचं."

गप्पबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. समोरच्या गच्चीवरचा मोठा टॉवर आणि वॉर्डातल्या फोनसाठी छताला लावलेली वहीएवढी पेटी, म्हणजे छोटा टॉवरच, दोघं एकाच लहरींवर बोलणारी. मोठ्याने तोंड उघडलं की छोटीचं कुणाला ऐकू येत नाही. मग सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे क्षण मोजून त्यातल्या काहींत मोठ्याला थांबवायचं, तेवढ्यात छोटीने आपलं म्हणणं पोचवायचं. हे जमवणं तिचं काम. "मोठा गप्प, तर छोट्याच्या गप्पा," असं ती समजावून सांगायची. ऑफिसने मग तिलाच ते नाव चिकटवलं.

खिडकीजवळच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. उद्या सकाळी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया. स्वरयंत्र काढणार होते. आजी दूर घरी, अंथरुणाला खिळलेल्या. सकाळपासून चार फोन लावले, चारही "अगं, ऐक" वर तुटले. खिडकीशीच मोठ्या टॉवरचा जोर सगळ्यात जास्त, त्यात छोटीचा आवाज बुडायचा, आणि नळ्यांमुळे खाट हलवता येईना.

"आजोबा, निरोप लिहून पाठवू या का?" नर्सने विचारलं.

"लिहायला उद्यापासून उभा जन्म पडलाय, पोरी."

गप्पबाईने ते वाक्य जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. मग, "सहाला पूर्ववत करायचं हं."

"होय साहेब." तिने लॅपटॉपवरचा आलेख स्थिरावू दिला आणि दारातून हळूच म्हणाली, "लावा आता, आजोबा."

"अगं, ऐक... येतंय ना ऐकू? हो, जेवलो. तू गोळी घेतलीस? मग विसरलीस कशी? छे, रागावतोय कुठे! पुढे रागवायचं राहूनच जाणार, म्हटलं आज थोडं उरकून घ्यावं... हसू नकोस, खोकला येईल."

मग त्यांनी आजींना एका नावाने हाक मारली. नर्सने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. पुन्हा तीच हाक आली, आणखी हळू.

त्यानंतर पडद्याआडून काहीच ऐकू येईना. गप्पबाईने लगबगीने लॅपटॉप पाहिला. फोन तुटला नव्हता. सेकंद पुढे सरकत होते, दोन्हीकडून आवाज मात्र शून्य.

सहाला दोन मिनिटं असताना साहेबांचा फोन आला. "झालं का हो त्यांचं बोलून?"

"नाही साहेब," ती कुजबुजली. "अजून बोलतायत."