पट्ट्याचं तापमान

“मामा, एकशे पन्नास म्हणला व्हता ना तुम्ही? हा बघा, बरोबर एकशे पन्नास,” पप्पू म्हणाला, आणि तेवढ्यात जळक्या लाकडाचा वास आला.

मी स्विच बंद करून साचा उघडला. तुतीची पट्टी वाकली होती, पण आतल्या बाजूनं काळी पडली होती.

पप्पू माझ्या बहिणीचा मुलगा. रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, कारेगावात खोली करून राहतो. सुट्टी काढून तो मांडवगणला आला होता, माझ्या हीटरपट्ट्याला तापमान आपोआप सांभाळणारा कंट्रोलर बसवायला.

मी डफाची कडी करतो. लाकडाची पातळ पट्टी भिजवायची, दोन पत्र्यांमध्ये घालायची, वर रबरी हीटरपट्टा ठेवायचा आणि पट्टी मऊ झाली की पत्र्यांसकट गोल साच्यावर ओढायची. पट्टा कमी तापला तर लाकूड मोडतं, जास्त तापला तर जळतं. आमच्याकडची लाइट एकसारखी नसते. शेतातले पंप चालू असले की दाब पडतो. पंप बंद झाले की एकदम वाढतो आणि पट्टा भडकतो. त्यामुळे रेग्युलेटरवर कायम एक माणूस लागतो.

बारा वर्षं तो माणूस माझी बायको होती, चांगुणा. इस्त्रीवाला करतो तशी ती बोटांची मागची बाजू पत्र्याला क्षणभर टेकवायची आणि बटण फिरवायची. पप्पूनं तीन वर्षांपूर्वीच कंट्रोलरचं सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, “तुज्या मामीपेक्षा मीटर शाणं हाय व्हय?” ती पदर तोंडाला लावून हसली होती.

पप्पूनं वायर चाचपली. “चुकलं माझं. सेन्सर बाहेरून चिकटवला. बाहेर दीडशे, म्हंजी आत दोनशेच्या पुढं गेलं आसंल.”

त्यानं सेन्सर पत्र्याच्या आत सरकवला. दुसरी पट्टी घातली. मध्येच बल्ब भगभगला, म्हणजे पंप बंद झाले. कंट्रोलर टिक करून आपोआप बंद झाला, थोड्या वेळानं पुन्हा लागला. ही पट्टी स्वच्छ निघाली.

पप्पू खूश झाला. जळकी पट्टी फेकायला उठला आणि भिंतीपाशी थांबला. तिथं गेल्या वर्षीची नऊ कडी टांगलेली होती, गिऱ्हाइकानं परत केलेली. त्यानं एक काढलं, पट्टीशेजारी धरलं. दोन्हींचा काळा रंग एकच होता.

“ही बी दोनशेची हायत, मामा. तवा रेग्युलेटरवर कोण व्हतं?”

“तुजी मामी.”

“आन् तिला कळलं न्हाई?” त्यानं कडं परत भिंतीवर टांगलं. मग हळूच म्हणाला, “साखरेनं बोटं बधिर व्हत्यात. मामीची साखर कवापासून वाढलेली?”

“दौंडला दवाखान्यात नेलं तवा कळली.”

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. चहाही न घेता गेला.

त्या नऊ कड्यांच्या वेळी मी तिला रोज बोलत होतो. “लक्ष कुठं आसतं तुजं? हात हाय का लाकूड?” ती म्हणायची, “म्हातारी झाले आता, दुसरी करा.” एकदा ती शिरूरच्या बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी कुठं पडली ते तिला कळलंच नव्हतं. मी सगळ्या आळीला सांगून हसलो. माझ्या बोलण्यानं ती बोटं जास्त वेळ टेकवायला लागली. टेकवायची आणि माझ्याकडं बघायची. एका दुपारी बोटांची कातडी पत्र्याला चिकटून राहिली, तरी तिला कळलं नाही. आधी मला दिसलं.

जखम चिघळली. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं भाजलं? ती म्हणाली, “तव्यावर.” मी शेजारी उभा होतो. मी तेच खरं केलं. अठरा दिवसांनी ती गेली.

पप्पू येऊन गेला, त्यानंतरच्या वर्षश्राद्धाला मोनिका आली, आमची एकुलती एक मुलगी. तिला दौंडला दिलेली आहे. तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी सायली होती. सायली चुलीजवळ गेली की मोनिका तिला दंडाला धरून मागं ओढायची.

शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, “आगं, पोर काय लोन्याची केलीया का?”

“आसू द्या मावशी. आईचं बघितलंय मी,” मोनिका म्हणाली. “त्या दिवशी मी हितंच व्हते. फोनवर बोलत बसले आन् भाकरी आईला टाकाय लावल्या. मी उठले आसते तर...”

हे ती वर्षभर म्हणत होती. बाराव्याला म्हणाली, दिवाळीत म्हणाली. दर वेळी मी उठून बाहेर जायचो. त्या दिवशीही उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

पंगत उठल्यावर मी तिला कामाच्या शेडमध्ये बोलावलं.

“तो भाकरीचा तवा नव्हता, मोनिका. हा पत्रा व्हता.”

“कुठला पत्रा?”

मी सगळं सांगितलं. साखर, बोटं, नऊ कडी. मी काय बोलायचो तेही सांगितलं, जसंच्या तसं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरम्होरं तुम्ही उभं व्हता.”

“व्हय.”

“आन् वर्सभर माझं ऐकत व्हता.”

“व्हय.”

ती घरात गेली. पंगतीची सगळी भांडी एकटीनं घासली. सखूबाई मदतीला बसल्या तर त्यांना उठवलं. निघताना आईच्या फोटोच्या पाया पडली. माझ्या पडली नाही. पिशवी उचलून चालायला लागली.

मी मागोमाग स्टँडवर गेलो. जावं की नाही ते कळत नव्हतं, पण गेलो. तिघंही उन्हात उभे राहिलो. दौंडची एस.टी. वळणावर दिसली तेव्हा सायली एकदम माझ्या पायाशी वाकली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी हात पुढं केला आणि तिच्या डोक्यावर तसाच अधांतरी धरला. मोनिकाकडं बघितलं. ती रस्त्याकडं बघत होती. सायली वाकलेलीच होती.

“ठेवा आप्पा हात,” मोनिका रस्त्याकडं बघतच म्हणाली. “गाडी आली.”

मी हात ठेवला. पोरीचं डोकं उन्हानं तापलं होतं.